घरच्या डीव्हीडी टर्मिनलवरून वाचवताना

जानेवारीत हातात घेतलेलं एक काम मार्चअखेर संपलं. घरातल्या जुन्या डीव्हीडींवरचं चित्रण आता साध्या व्हिडिओ फाइल्समध्ये आहे, आणि त्यासाठी वापरलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त आणि फुकट आहे. सुरुवात केली तेव्हा टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करून संगणक चालवायच्या खिडकीची, सवय होती, पण व्हिडिओतलं फारसं काही कळत नव्हतं. माहिती भरपूर मिळते, पण सुट्या तुकड्यांत. कुठून धरायचं आणि कुठे थांबायचं हे सलग सांगितलेलं सापडेना. म्हणून जसं घडलं त्या क्रमाने लिहून ठेवतेय.

कमांड आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि ‘डॅश’ म्हणजे वजाचं चिन्ह.

डबा उघडल्यावर तीन प्रकारच्या डिस्क निघाल्या. काही व्हीएचएस टेपवरून डीव्हीडी रेकॉर्डरने उतरवलेल्या. काही कॅमकॉर्डरच्या छोट्या, ८ सेंटिमीटर व्यासाच्या. आणि काही समारंभांच्या, शूटिंगवाल्यांनी बनवून दिलेल्या. टेप कधीच टाकून दिल्या होत्या आणि कॅमकॉर्डर बंद पडला होता, म्हणजे यातल्या बहुतेक चित्रणाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. रेकॉर्ड करता येणाऱ्या साध्या डिस्कमध्ये माहिती एका रासायनिक रंगाच्या थरात लेझरने लिहिलेली असते. उजेड, उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर हळूहळू खराब होतो. वरून डिस्क चकचकीत दिसली तरी आत काय उरलंय ते वाचायला घेतल्याशिवाय समजत नाही.

विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कना मी हात लावला नाही. त्यांतल्या बहुतेकांवर सीएसएस नावाचं कुलूप असतं आणि ते उघडण्याबद्दल देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कवर असं कुलूप नसतं, त्यामुळे पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

एक गोष्ट मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन: कामाचे दोन भाग करा. डिस्कवरून माहिती उतरवून घेणं हे एक काम, आणि त्या माहितीचा हल्लीच्या फोनवर किंवा टीव्हीवर चालेल असा व्हिडिओ बनवणं हे दुसरं. पहिल्याची घाई आहे, दुसऱ्याची अजिबात नाही. डिस्क आज वाचली जाते, पुढच्या वर्षी जाईलच असं नाही. पण तिची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर आली की व्हिडिओ उद्या करा, किंवा पाच वर्षांनी आणखी चांगलं सॉफ्टवेअर आल्यावर पुन्हा करा. डिस्कवरून थेट एमपीफोर बनवायच्या एका ओळीच्या कृती खूप दिसतात. त्या वाटेने गेलं तर वाचताना काय सुटलं आणि बदलताना काय गेलं, हे नंतर ओळखता येत नाही.

जानेवारीचा पहिला आठवडा तयारीत गेला. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, तेव्हा यूएसबीचा बाहेरून जोडायचा घेतला. घेताना ट्रे बाहेर येणारा घ्या. फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये छोटी डिस्क अडकण्याची भीती असते. ट्रेमध्ये तिच्यासाठी आतला गोल खळगा असतो. दुसरा खर्च जागेचा. एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. संगणक तोच आकडा ४.३८ असा दाखवू शकतो, कारण तो १०२४ च्या पटीत मोजतो. दोन थरांची असेल तर ८.५ जीबी. डिस्कच्या संख्येला साडेचारने गुणा, बनणाऱ्या व्हिडिओंसाठी जवळपास तेवढीच जागा धरा, आणि या सगळ्याची दुसरी प्रत ठेवायला आणखी एक हार्ड डिस्क.

प्रत्येक डिस्क उजेडात तिरकी धरून बघितली, नंबर दिला, वहीत नोंद केली. धूळ आणि बोटांचे ठसे मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसले, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत. गोल-गोल पुसायचं नाही. माहिती गोल वळत जाणाऱ्या मार्गावर लिहिलेली असते. त्या मार्गाच्या दिशेने चरा पडला तर सलग बरीच माहिती जाते. आडवा पडला तर जागोजागी थोडी-थोडी जाते, आणि तेवढी भरून काढायची सोय डिस्कच्या रचनेतच असते. चिकटवलेली कागदी लेबलं उचकटायला जाऊ नका, डिस्कलाच इजा होते.

उतरवण्याचं काम जीएनयू डीडीरेस्क्यूने केलं, आणि या सॉफ्टवेअरबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. फाइल मॅनेजरमधून कॉपी केली तर न वाचता येणारी पहिली जागा आली की कॉपी अडते. डीडीरेस्क्यू ती जागा सोडून पुढे जातं, सहज मिळणारं सगळं आधी उचलतं आणि अवघड भागाकडे नंतर परत येतं. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. ही मॅप फाइल जपा.

लिनक्सवर ड्राइव्हचं नाव बहुधा ‘स्लॅश डेव्ह स्लॅश एसआर०’ असतं. एलएसबीएलके कमांडने खात्री करून घ्या. पहिल्या फेरीत डीडीरेस्क्यूपुढे डॅश बी २०४८ आणि डॅश एन, मग ड्राइव्हचं नाव, बनणाऱ्या आयएसओ फाइलचं (म्हणजे अख्ख्या डिस्कच्या एका फाइलमधल्या प्रतीचं) नाव आणि मॅप फाइलचं नाव, याच क्रमाने. डीव्हीडीचा एक सेक्टर, म्हणजे वाचायचा सगळ्यात लहान तुकडा, २०४८ बाइटचा असतो म्हणून तो आकडा. डॅश एन म्हणजे अवघड जागा या फेरीत खरवडत बसायचं नाही. काही राहिलं तर दुसरी फेरी त्याच आयएसओ आणि त्याच मॅप फाइलवर चालवायची, डॅश एन काढून डॅश डी आणि डॅश आर ३ देऊन. डॅश डीमुळे ऑपरेटिंग सिस्टिमचा मधला साठा टाळून थेट ड्राइव्हकडून वाचलं जातं, आणि डॅश आर ३ म्हणजे वाईट जागांवर आणखी तीनदा प्रयत्न.

चांगली डिस्क पंधरा-वीस मिनिटांत उतरते. ओरखडे पडलेल्या डिस्कला रात्र लागू शकते. आकडा ९९ टक्क्यांपुढे जाऊन तासन्‌तास हलत नाही आणि ड्राइव्ह मधूनमधून कुरकुरत राहतो, तेव्हा जीव टांगणीला लागतो. खुशाल कंट्रोल-सी दाबून थांबवा, ड्राइव्ह थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी तीच कमांड पुन्हा चालवा. मॅप फाइल असल्यामुळे काम तिथूनच पुढे जातं. माझ्या ड्राइव्हने सोडलेले बरेच सेक्टर ओळखीच्यांकडून मागून आणलेल्या जुन्या डेस्कटॉप ड्राइव्हने वाचले. प्रत्येक ड्राइव्हची वाचायची ताकद वेगळी असते, त्यामुळे एकाने हात टेकले म्हणजे डिस्क गेली असं धरू नका.

थोडे सेक्टर राहिलेच तर कितपत बिघडतं? व्हिडिओचा वेग सेकंदाला साधारण ५ मेगाबिट असेल तर एका सेकंदाला तीनशेच्या आसपास सेक्टर लागतात. चूक सुधारण्याची व्यवस्था १६ सेक्टरांच्या गटावर चालते, म्हणून न वाचलेले सेक्टर बहुतेक वेळा गटानेच जातात, म्हणजे ३२ केबीच्या हिशेबात. शिवाय डीव्हीडीवरच्या एमपेग-२ व्हिडिओत मधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि त्यापुढच्या चित्रांचे फक्त बदल साठवलेले असतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत असा संच जास्तीत जास्त १५ फ्रेमचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा. एवढीशी जागा गेली तरी अर्धा-पाऊण सेकंद चित्राचे चौकोन विस्कटतात, पण पुढचं पूर्ण चित्र आलं की सगळं ताळ्यावर येतं. हे कळल्यावर ९९.९ टक्क्यांवर अडलेल्या डिस्ककडे बघण्याची नजर बदलली.

एका डिस्कवर व्हिडिओ ठीक होता पण आयएफओ फाइल वाचली जात नव्हती. कोणतं शीर्षक कुठे सुरू होतं, प्रकरणं कुठे आहेत, हा सगळा नकाशा आयएफओमध्ये असतो. तिच्याच नावाची बीयूपी फाइल म्हणजे तिची राखीव प्रत. आयएसओ माउंट करून, म्हणजे डिस्क घातल्यासारखी उघडून, सगळ्या फाइल्स बाहेर काढल्या, बीयूपीची प्रत केली, तिचं शेपूट बदलून आयएफओ केलं, आणि ती डिस्क पूर्ण उघडली.

सगळ्या आयएसओ दोन हार्ड डिस्कवर गेल्या तेव्हा फेब्रुवारी लागला होता. त्या दिवशी खरं ओझं उतरलं. पुढचं सगळं निवांत करता आलं.

आयएसओच्या आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर असतो. चित्रण व्हीओबी फाइल्समध्ये, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या तुकड्यांत. नावात शेवटी ० असलेली व्हीओबी मेनूची, १ पासून पुढच्या मुख्य चित्रणाच्या. एलएसडीव्हीडी ही छोटी कमांड डिस्कवर किती शीर्षकं आहेत, प्रत्येक किती लांब, आवाजाचे ट्रॅक किती, हे दाखवते. ते आउटपुट प्रत्येक डिस्कसाठी फाइलमध्ये साठवून ठेवलं, शेवटी तपासताना फार उपयोगी पडलं.

व्हीओबी तुकडे नुसते एकापुढे एक जोडून एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या कमांडला देता येतात आणि बहुतेक वेळा चालतंही. पण रेकॉर्डरवर थांबत-थांबत रेकॉर्ड केलेल्या डिस्कमध्ये वेळेचे आकडे मध्येच पुन्हा शून्यापासून सुरू होतात. मग दोन तासांची फाइल अकरा मिनिटांची दिसते, किंवा आवाज पुढे आणि चित्र मागे. याचा उपाय म्हणजे आयएफओ वाचून चालणारं साधन. एफएफएमपेगच्या ७.० आवृत्तीत, २०२४ साली, ‘डीव्हीडीव्हिडिओ’ नावाचा वाचक आला. डॅश एफ डीव्हीडीव्हिडिओ, डॅश टायटल १, डॅश आय आणि आयएसओचं नाव, एवढं दिलं की तो डिस्कच्या नकाशाप्रमाणे जातो. तुमच्या एफएफएमपेगमध्ये तो आहे का हे डॅश डीमक्सर्स पर्यायाने यादी काढून बघा, कारण प्रत्येक बांधणीत तो घातलेला नसतो. नसेल तर हँडब्रेकसीएलआय वापरा. तेही आयएफओ वाचतं, पण व्हिडिओ नव्याने एन्कोड, म्हणजे पुन्हा कॉम्प्रेस, केल्याशिवाय सोडत नाही.

पहिलं रूपांतर मी दर्जाला धक्का न लावणारं केलं: डॅश सी कॉपी देऊन एमकेव्ही. चित्र तेच, आवाज तोच, फक्त डबा नवा. काही डिस्कवर ही पायरी अडली, कारण त्यांचा आवाज कॉम्प्रेस न केलेला, डीव्हीडीच्या खास पीसीएम मांडणीतला होता आणि ती एमकेव्हीत तशीच जात नाही. तिथे आवाजासाठी डॅश सी कोलन ए फ्लॅक दिलं; फ्लॅकमध्ये दर्जा कमी होत नाही. थेट व्हीओबी देताना आवाजाचा ट्रॅक सापडलाच नाही, तर डॅश ॲनलाइझड्युरेशन आणि डॅश प्रोबसाइझ वाढवा. आवाजाची माहिती काही सेकंद उशिरा सुरू होत असेल तर एफएफएमपेगला त्या ट्रॅकचा पत्ता लागत नाही.

मग आलं इंटरलेसिंग, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला. जुन्या कॅमकॉर्डरचं आणि टेपवरचं चित्रण सेकंदाला २५ पूर्ण चित्रांचं नसतं. पालमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात, एकदा विषम ओळी, एकदा सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. हल्लीच्या पडद्यावर दोन अर्धी एकत्र दाखवली की हलणाऱ्या गोष्टींच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. त्यावर फिल्टर लावताना बहुतेक कृतींमध्ये ५० अर्ध्यांचे २५ फ्रेम केले जातात. चित्र स्वच्छ दिसतं, पण निम्मी हालचाल निघून जाते.

माझ्याकडे एका मुलाचं झोक्यावरचं चित्रण आहे. २५ फ्रेमच्या फाइलमध्ये झोका खाली येताना किंचित अडखळत यायचा. तोच तुकडा अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणाऱ्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने, ‘सेंड फील्ड’ मोडमध्ये, म्हणजे ५० फ्रेमचा बनवला. झोका सरळ खाली आला, वर गेला, मागे उडणाऱ्या केसांसकट. टीव्हीवर तेव्हा जसं दिसायचं तसं. आधीच्या फाइलमध्ये काय कमी होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे, पण शेजारी-शेजारी लावलं की घरातल्या कोणालाही दिसतं.

आधी कोणतं अर्ध येतं हेही महत्त्वाचं. माझ्या बहुतेक डिस्कमध्ये वरचं आधी होतं. शूटिंगवाल्यांनी डीव्ही टेपवरून बनवलेल्या काहींमध्ये खालचं आधी, कारण डीव्हीची पद्धतच तशी. चुकीचा क्रम धरला तर हलणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. एफएफएमपेगचा आयडेट फिल्टर हजारभर फ्रेमवर चालवला की तो वरचं आधी, खालचं आधी आणि पूर्ण फ्रेम यांची मोजणी देतो. भरपूर हालचाल असलेला भाग निवडा, स्थिर चित्रावर तो गोंधळतो. डिस्कवरची नोंद आणि मोजणी जुळत नसेल तर बीडब्ल्यूडीआयएफला पॅरिटी, म्हणजे हा क्रम, हाताने सांगायची.

आकाराचं प्रकरण थोडक्यात. पाल डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, पण ते ठिपके चौरस नसतात. ४:३ चित्र दिसताना ७६८ गुणिले ५७६ इतकं दिसायला हवं. ही नोंद हरवली तर पालमध्ये माणसं किंचित बारीक दिसतात, अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत रुंद. एफएफएमपेग नोंद पुढे नेतं. आपण स्केल फिल्टर न लावणंच बरं. मोठं करून एचडी बनवायच्या मोहात पडू नका. नसलेला तपशील येत नाही, फाइल मात्र फुगते. व्हीएचएसच्या चित्राच्या तळाशी काही ओळींत जो खरखराट दिसतो, तोही मी कापला नाही.

रोज बघायच्या फाइल्ससाठी एच.२६४ ही व्हिडिओ कॉम्प्रेस करायची पद्धत निवडली, कारण जवळपास कुठल्याही फोनवर आणि टीव्हीवर ती चालते. लिबएक्स२६४ हा एन्कोडर, प्रीसेट स्लो, सीआरएफ १८, पिक्सेल फॉरमॅट वायूव्ही४२०पी, आवाजाला एएसी. डीव्हीडीचा मूळ एसी-३ आवाज बऱ्याच फोनवर चालत नाही, म्हणून एमपीफोरमध्ये एएसी. सीआरएफचा आकडा लहान तितका दर्जा जास्त. न सांगितल्यास २३ असतो. कॅमकॉर्डरच्या स्वच्छ चित्रणाच्या फाइल्स मूळच्या निम्म्याहून लहान झाल्या. टेपवरून आलेल्यांचा आकार जेमतेमच घटला. टेपचा खरखराट प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा असतो आणि एन्कोडरला तो सगळा तपशील वाटतो, म्हणून जागा खातो. तिथे सीआरएफ २१ केला. खरखराट घासून काढणारा फिल्टरही बघितला, पण चेहऱ्यांवरची कातडी मेणासारखी गुळगुळीत दिसायला लागली तेव्हा तो काढून टाकला. मूळ आयएसओ असल्यामुळे असे प्रयोग बिनधास्त करता आले.

सगळ्या आयएसओंवरून फिरणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहून रात्री लावून ठेवायचे. नावांची यादी फाइलमधून वाचणाऱ्या लूपमध्ये एफएफएमपेगला डॅश नोएसटीडीइन द्यायला विसरू नका, नाहीतर ते यादीतलीच अक्षरं इनपुट समजून घेतं आणि पुढची नावं तुटतात.

मार्चमध्ये तपासणी. प्रत्येक फाइलवर एफएफएमपेग डॅश व्ही एरर लावून आउटपुट नलला दिलं, म्हणजे कुठेच साठवलं नाही. त्यात फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडली जाते आणि फक्त चुका छापल्या जातात. एफएफप्रोबने लांबी काढून एलएसडीव्हीडीच्या आकड्यांशी ताडली. मग प्रत्येक फाइलची सुरुवात, मधला भाग आणि शेवट डोळ्यांनी बघितला, ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहायला. शेवटी एसएचए२५६सम चालवून प्रत्येक फाइलच्या ओळखीच्या आकड्यांची यादी बनवली. दोन्ही हार्ड डिस्कवरच्या प्रती सारख्या आहेत का हे त्या यादीवरून कधीही तपासता येतं.

नावं देण्यात अनपेक्षित वेळ गेला. माउंट केलेल्या आयएसओवर एलएस डॅश एल चालवलं की फाइल्सच्या तारखा दिसतात. कॅमकॉर्डरच्या डिस्कवर ती बहुधा चित्रणाचीच तारीख असते, घड्याळ बरोबर लावलेलं असेल तर. टेपवरून उतरवलेल्या डिस्कवर मात्र ती टेप उतरवल्याची तारीख, प्रसंगाची नाही. अशा वेळी मुलांची उंची, भिंतीवरचं कॅलेंडर, मागे उभी असलेली माणसं बघून घरातल्या मोठ्यांना विचारलं. फाइलचं नाव वर्षापासून सुरू केलं, खात्री नसेल तिथे वर्षापुढे ‘अंदाजे’ लिहिलं.

दोन अडचणी उरल्या आहेत. एक छोटी डिस्क कॅमकॉर्डरमध्ये फायनलाइज केलेलीच नव्हती. अशी डिस्क संगणकाला कोरी वाटते आणि तो काही लिहायचं का असं विचारतो. नाही म्हणा आणि डिस्क बाहेर काढा. माहिती आत असते, फक्त तिची अनुक्रमणिका लिहायची राहिलेली असते. त्याच प्रकारचा चालू कॅमकॉर्डर मिळाला तर त्यात घालून फायनलाइज करून बघणार आहे. दुसरी डिस्क कडेला इतकी खराब झाली आहे की शेवटची काही मिनिटं कोणत्याच ड्राइव्हने दिली नाहीत. तिची आयएसओ आणि मॅप फाइल दोन्ही ठेवली आहेत. वेगळा ड्राइव्ह हाती आला की त्याच मॅप फाइलवर पुढची फेरी लावायची, आणि डीडीरेस्क्यू त्याच्याकडे फक्त राहिलेले सेक्टर मागेल.